द्वारकाबाईंचा वाण

शेवटच्या बाटलीत ब्लीच ओतून शिवकन्यानं ती हलवली. आतला लालसर द्रव पिवळट झाला, मग पाण्यासारखा. वर तरंगणारे बुरशीचे पांढरे पुंजके मात्र सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखे तसेच राहिले. तिनं बाटली मोरीत रिकामी केली आणि नळ सोडला.

"एवढ्यानं?" दारातून काकासाहेब म्हणाले. "लाइट गेली, जीव घाबरा झाला, घडीभर मी खिडकी उघडली. एवढ्यानं सगळं गेलं?"

"हो. एवढ्यानं."

"बाई, आम्ही उभा जन्म खिडक्या उघड्या टाकून बियाणं केलं."

शिवकन्यानं नळ आणखी मोठा केला. बोलली असती तर नको ते बोलली असती, आणि काही झालं तरी ते मालक होते. काकासाहेबांनाही ते कळलं असावं. उतरल्या तोंडानं ते जिना उतरून गेले.

खाली त्यांची बियाण्याची कंपनी होती. जालन्यात बियाणं करणारे पुष्कळ. पण वरच्या मजल्यावर असली प्रयोगशाळा थाटणारे काकासाहेब एकटेच, आणि त्यापायी भाऊबंदांची भरपूर थट्टा त्यांनी सोसली होती. कापसाचं सोडून आता उंदराचं बियाणं विकता का, असं लोक विचारत. तसं ते फार चुकीचंही नव्हतं. हैदराबादची नोकरी सोडून शिवकन्या आली ती इथं पेशींचे वाण तयार करायला. वाण हा शब्द काकासाहेबांचाच. उंदराच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या आणि त्यांत माणसाच्या एखाद्या कायनेजचं जनुक घालायचं. कायनेज म्हणजे पेशीच्या मोटारीचं स्टार्टर. वाढ म्हणून सांगणारं आणि वेळ आली की बंद होणारं. ज्या पेशींनी ते जनुक धरलं नाही त्या मारायच्या, उरलेल्यांतली एक निवडायची, आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच निपजेल अशी प्रजा तिच्यापासून वाढवायची. एकदा वाण पक्का झाला की माणसाला द्यायच्या आधी नवं औषध त्याच्यावर लावून बघता येतं.

मोरीत गेला तो वाण द्वारकाबाईंचा होता.

तीर्थपुरीच्या द्वारकाबाईंना रक्ताचा कॅन्सर होता. त्यांचं स्टार्टर चालूच्या जागी अडकून बसलं होतं आणि पांढऱ्या पेशींचा नुसता पूर आला होता. एका गोळीनं तो काही वर्षं थोपवून धरला. मग त्या कायनेजनं रूप बदललं आणि गोळी लागू पडेना. हैदराबादच्या डॉक्टरांकडे आता दोन नवी औषधं होती, दोन्ही अजून चाचणीतली. नियम असा की एकात नाव घातलं की दुसऱ्याचं दार बंद. डोळे झाकून एक उचलायचं आणि चुकलं तर चुकलं, हे डॉक्टरांना पटत नव्हतं. म्हणून त्यांनी द्वारकाबाईंच्या रक्तातल्या बिघडलेल्या जनुकाची नक्कल शिवकन्याकडे पाठवली होती. वाण तयार कर, दोन्ही औषधं लावून बघ, मग सांग कोणतं. थांबायला ते महिनाअखेरीपर्यंत तयार होते. त्यापुढं रक्तच थांबणार नव्हतं.

"काय धुऊन राह्यल्या म्याडम?"

शिवकन्यानं दचकून मागं पाहिलं. द्वारकाबाईच होत्या. रक्त तपासायला जालन्याला आल्या की त्या इथं डोकावल्याशिवाय जात नसत. डोक्यावरचा पदर घामानं चिकटला होता आणि एस.टी.च्या पायऱ्यांसारखाच इथला जिनाही चढताना त्यांना दम लागला होता.

"काही नाही मावशी. जुनं झालं होतं ते."

"मंग डोळे काहून लाल झाले?"

"ब्लीचचा वास."

"वासानं डोळे लाल व्हत्यात. नाक न्हाई व्हत." द्वारकाबाई स्टुलावर टेकल्या. "माझंच गेलं ना?"

खोटं बोलायचं शिवकन्याच्या जिवावर आलं. तिनं सगळं सांगितलं. वाढीला लागलेल्या सगळ्या पेशी गेल्या. गोठवून ठेवलेल्या काही कुप्या मात्र आहेत, त्या परतूरला. इथलं नायट्रोजनचं भांडं दिवाळीत दगा देऊ लागलं, तेव्हापासून बद्रीनाथकडे ठेवल्यात.

"हा बद्रीनाथ कोण?"

शिवकन्या जरा अडखळली. "गाईम्हशींना इंजेक्शनं देतो. गाभण राहायची. वळूचं बी ठेवायला त्याच्याकडे नायट्रोजनचं पिंप असतं. थंडी तीच लागते, मावशी. बैल काय नि आपण काय."

"मंग चला की. बसून काय राह्यल्या?"

"तुम्ही कशाला उन्हाच्या..."

"माझा माल हाये," द्वारकाबाई उठत म्हणाल्या, "आन मी घरी जाऊन बसू?"

निघण्याआधी शिवकन्यानं बद्रीनाथला फोन केला. कुप्या न्यायला येतेय म्हटल्यावर त्यानं आधी उगाच उन्हापाण्याची चौकशी केली. मग तो म्हणाला, "या म्याडम, या. समोरासमोर बोलू." द्वारकाबाईंना तिनं यातलं काही सांगितलं नाही.

परतूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये द्वारकाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, ठेच्याचा गोळा काढला आणि अर्धी भाकर शिवकन्याच्या हातावर ठेवली. शिवकन्याच्या मांडीवर कुप्या आणायचा छोटा डबा होता, रिकामा. तिला घास उतरत नव्हता.

"भ्या वाटून राह्यलं का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"हो."

"मलाबी." त्यांनी शांतपणे ठेचा लावला. "काय हाये पोरी, सरपंचाशी मी भांडन काढलंय. आमच्या आळीचा नळ त्यानं सोताच्या जावयाच्या दारात नेला. ग्रामसभेत मी त्याला उभा केला, तर म्हनतो, मावशी तुमची तब्येत बरी न्हाई, बसा. म्हंजी मी मरायची वाट बघून राह्यला तो! आता तो नळ जागेवर आनल्याबिगर मला मरायला बिलकुल वेळ न्हाई."

शिवकन्या हसली. हसता हसताच तिला रडायला आलं, आणि तिनं तो घास खाल्ला.

परतूरला बद्रीनाथच्या अंगणात बाभळीखाली एक गाय बांधलेली होती. गाईशेजारी तिचा मालक रखमाजी उभा होता, पटक्याचा शेमला खांद्यावर टाकून, एखाद्या सोयऱ्याची वाट बघावी तसा. बद्रीनाथ मात्र दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होता.

"म्याडम, मी बहिनीच्या लग्नाला गेल्तो," तो म्हणाला. "मागं आमचा मेव्हना वसंता व्हता. मी त्याला दहादा बजावलं का पिंपातल्या ह्या निळ्या झाकनाच्या कुप्यांना हात लावायचा न्हाई. हैदराबादच्या बाईंचा माल हाये, असला माल अख्ख्या मराठवाड्यात न्हाई."

"मग?"

"मंग काय. त्यानं तेवढंच ऐकलं."

शिवकन्याला क्षणभर काही उमजेना. तेवढ्यात रखमाजी पुढं झाला आणि त्यानं हात जोडले.

"ह्याच का त्या हैदराबादवाल्या बाई? बाई, उपकार झाले! आमची गाय दर बारी उलटायची, गाभन राहतच नव्हती. समदे वळू करून झाले. वसंतानं तुमचा माल पिचकारीनं सोडला, आन एका फटक्यात गाभन! गावात समद्यांनी लावून घेतला. आता फक्त एवढं सांगा, वळू कोन्ता?"

गाईनं शेपूट हलवली. शिवकन्यानं रिकामा डबा खाली ठेवला. वर्षभराची मेहनत, एक बाई, एक महिना, आणि ते सगळं त्या गाईच्या पोटात. रागावं कुणावर हेही तिला कळेना.

"म्हंजी," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "माझं बी ह्यांच्या गाईला?"

आणि त्या हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. हसता हसता त्यांना दम लागला, त्या बाभळीच्या बुंध्याला धरून खाली बसल्या, तरी थांबेनात.

"वळू इचारता का पाव्हनं?" त्या डोळे पुशीत म्हणाल्या. "तुमच्या म्होरं बसलाय की!"

रखमाजीला काहीच कळलं नाही, पण बाई हसतेय म्हणून तोही हसला. शिवकन्यानं त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यात वळूचं काही नव्हतं दादा, गाय आधीच कुठून तरी गाभण राहिली असणार. घाबरू नका, गाईला त्यानं काही होत नाही. रखमाजीनं मान डोलावली, पण त्यातलं एक अक्षरही त्याला पटलेलं नव्हतं.

"वसंतानं समद्या संपवल्या?" द्वारकाबाईंनी बद्रीनाथला विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

"एक राह्यली. तळाशी पडली व्हती, त्याला दिसली न्हाई." बद्रीनाथनं दोन्ही कानांना हात लावले. "पन म्याडम, खरं सांगतो. त्यानं पिंप सारखं उघडलं. मी आलो तव्हा नायट्रोजन पार खाली गेल्ता. मी लगेच भरला. पन मधल्या काळात काय झालं, देव जाने."

त्यानं पिंपाचं बूच काढलं. पांढरी वाफ काठावरून खाली ओघळली. लांब चिमट्यानं त्यानं कुपी वर काढली, शिवकन्याच्या डब्यात नायट्रोजन ओतला आणि ती आत सोडली. डब्याचं झाकण लावून त्यानं ते पुन्हा दोनदा तपासलं. शिवकन्याला त्याची दयाच आली. निघताना त्याच्या बायकोनं पुढं केलेला चहा तिनं नाकारला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कुपी कोमट पाण्यात धरली. बर्फाचा शेवटचा कण विरघळायच्या आत ती उचलली आणि आतलं थेंबभर नव्या बाटलीत सोडलं. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं त्यानं तिचं मन खचलं. बहुतेक पेशी काळ्या, चुरगळलेल्या, मेलेल्या. इकडेतिकडे चार-दोन गोल आणि चमकदार. त्या खरंच जिवंत आहेत की तिच्या आशेनं चमकतायत, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

काकासाहेबांनी खिडकी चिकटपट्ट्या लावून कायमची बंद केली. लाइट गेली की चालायला म्हणून खालचं जनरेटर वरच्या मजल्याला जोडून दिलं, गोदामातले पंखे बंद पडले, माणसं घामाघूम झाली, कुणी कुरकुरलं तर काकासाहेब म्हणत, "कुरकुर करायची तर माझ्याजवळ करा, वर जायचं नाही." स्वतः ते जिन्याच्या पायरीवर उपरण्यानं वारा घेत बसून राहत. वर यायची त्यांची हिंमत होत नव्हती. शेवटी शिवकन्यानंच एकदा खाली जाऊन सांगितलं, "काकासाहेब, आहेत अजून." त्यावर त्यांनी नुसतंच उपरण्यानं तोंड पुसलं.

पुढल्या तपासणीला आल्या तेव्हा द्वारकाबाईंनी हट्टच धरला. मला बघायचंय. शिवकन्यानं त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं, चष्मा काढायला लावला, भिंग जुळवून दिलं. द्वारकाबाई बराच वेळ श्वास रोखून बघत राहिल्या.

"मोत्यावानी चमकून राह्यल्यात त्या?"

"त्या जिवंत. परवापेक्षा वाढल्यात."

"आन ह्यात माझं कोन्तं?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे शिवकन्याला माहीत होतं. तो टाळत आणल्याचं तिला आता वाईट वाटलं.

"मावशी, ह्या पेशी उंदराच्या आहेत. तुमचं त्यात एकच आहे. ते अडकलेलं स्टार्टर. तुमचा बिघाड घातला म्हणूनच त्या अशा वाढतात, नाही तर एव्हाना मेल्या असत्या."

द्वारकाबाईंनी भिंगावरून डोळा उचलला. चष्मा लावायचं त्यांना सुचलं नाही. तो हातात धरून त्या शिवकन्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजी माझं रक्त न्हाई, माझा रोग हाये त्यो."

"हो."

"आन त्यो जगावा म्हनून तू उपास काढून राह्यली. त्यो जगावा म्हनून मी परतूरला आल्ते. राजूरच्या गनपतीला नारळ बोलले."

"हो मावशी." शिवकन्याचा आवाज बारीक झाला. "आधी तो जगायला पाहिजे. तरच कशानं मरतो ते कळेल."

द्वारकाबाईंनी चष्म्याच्या काचा पदरानं पुसल्या. खाली जनरेटरची घरघर चालू होती. शिवकन्याला वाटलं, आता या उठतील आणि परत यायच्या नाहीत. आणि तसं केलं तर त्यांना दोष देता येणार नाही.

द्वारकाबाईंनी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"जगू दे मंग," त्या आत बघतच म्हणाल्या. "चांगलं खायला घाल त्यांना. जल्दी वाढू दे."

आणि त्या वाढल्या. आधी रखडत, मग एकदम, बाटलीचा तळ भरून. शिवकन्यानं वाण तपासून घेतला. बिघाड बरोबर तोच होता, तसाच. मग तिनं एका तबकडीच्या खळग्यांत पेशी वाटून घेतल्या आणि डॉक्टरांनी पाठवलेली दोन औषधं त्यांना लावली. काही पेशी औषधाशिवाय ठेवल्या. पेशी उबवायचं कपाट बंद केल्यावर पुढं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं सगळी प्रयोगशाळा पुसून काढली.

महिनाअखेर अगदी तोंडावर आली होती. त्या दिवशी दुपारी तिनं कपाटातून तबकडी काढली आणि भिंगाखाली धरली. पहिल्या औषधातल्या पेशी मजेत होत्या, औषध न लावलेल्यांहून तसूभरही कमी नाही. तिनं तबकडी सरकवली. दुसऱ्या औषधात एकही चमकत नव्हती. नुसता काळा चुरा. तिनं फक्त मेलेल्या पेशींना चढणारा रंग घालून पाहिलं, पुन्हा मोजलं, मग मुद्दाम काकासाहेबांना वर बोलावलं आणि त्यांनाही बघायला लावलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं; तरी बघून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि लहान पोरासारखे रडले.

तीर्थपुरीला फोन द्वारकाबाईंच्या मुलानं, शिवाजीनं उचलला. त्यानं लगेच आईला हाक मारली.

"बोल पोरी."

"मावशी, एका औषधातल्या पेशी जशाच्या तशा आहेत. उलट वाढल्यात."

"आन दुसऱ्यातल्या?"

"मेल्या."

"समद्या?"

"सगळ्या. एकही उरली नाही."

शिवकन्यानं फोन कानाशी घट्ट धरला. आनंदानं ओरडतील, सरपंचाला चार शिव्या घालतील, असं काहीबाही तिला वाटलं होतं.

"मावशी? चांगलं झालंय हे. तुम्हाला हेच औषध लागू पडणार. डॉक्टरांशी बोललेय मी, तुमचं नाव त्यात घालतायत. आजच निघा."

"कळलं गं. समदं कळलं." द्वारकाबाईंनी तेवढंच म्हटलं. मग त्या बाजूला कुणाशी तरी बोलल्या. "शिवाजी, मला पानी काढ बाबा आंघोळीला."

"आत्ता? सकाळी केली की तू."

"डोक्यावरून घ्यायचंय."

"काहून? कोन गेलं?"

"हायेत कुनीतरी," द्वारकाबाई म्हणाल्या. "आपल्याच रक्ताच्या व्हत्या. इतके दिस वाढवल्या, आन माझ्यापायी गेल्या. तेवढं पानी घेतल्याबिगर परवासाला कसं निघावं?"

फोन त्यांनी तसाच कुठंतरी ठेवून दिला. शिवकन्याला लांबून बादलीची कडी वाजलेली ऐकू आली, पाणी पडलेलं ऐकू आलं. तिच्या पुढ्यात ती तबकडी होती, अर्धी जिवंत, अर्धी मेलेली. तिनं नकळत डोक्यावरून ओढणी घेतली. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"म्याडम, हायेत का?" शिवाजीनं फोन उचलला. तो गोंधळलेला होता, पण आवाजात उत्साह मावत नव्हता. "आईनं सामान बांधायला सांगितलंय. हैदराबादच्या गाडीला जालन्यात किती वाजता पोचावं लागंल?"

"वेळ आहे," शिवकन्या म्हणाली. "आधी त्यांचे केस वाळू दे."